म्हार्दोळच्या घरातल्या डिसेंबरच्या माशा

मी फोंड्यात हायर सेकंडरीला बायोलॉजी शिकवते, त्यामुळे नात्यात कुणाच्याही घरी काही वळवळलं, उडालं, चावलं की पहिला फोन मला. गेल्या डिसेंबरात मावशीचा आला. "अगो, मधल्या खोलीच्या खिडकीत माशाच माशा, रोज सकाळी झाडूने काढते तरी दुसऱ्या दिवशी तेवढ्याच. तू एकदा येऊन बघ."

मावशी म्हार्दोळला राहते, जायांच्या, म्हणजे जाईच्या फुलांच्या गावात. घर जुनं, चिऱ्यांच्या भिंती, मंगळुरी कौलं, मधल्या खोलीवर लाकडी फळ्यांचा माळा आणि माळ्यावर सुके नारळ, तांब्याची भांडी, चवथीला गणपतीवर फळं-पानं टांगून माटोळी बांधायची ती लाकडी चौकट आणि देव जाणे अजून काय काय. मुलगा इंग्लंडला स्विंडनमध्ये, मावशी एकटी, दिवसा कामाला एक बाई येते. हे सगळं आधी सांगतेय कारण पुढे यातल्या बहुतेक गोष्टी लागणार आहेत.

मी पोचेपर्यंत घरात तीन निकाल लागलेले होते. मावशीचा निकाल शेजाऱ्यावर. शेजारी गोठा आहे, चार गाई, मागे शेणखड्डा, आणि तो खड्डा मावशीच्या कुंपणापासून फार तर पंधरा पावलांवर. पंचायतीत अर्ज द्यायचा म्हणून कागद सुद्धा काढून ठेवला होता तिने. कामवाल्या बाईचं मत न्हाणीचं गटार. आणि तिसरा निकाल व्हिडिओ कॉलवरून स्विंडनहून आलेला, की आई, या थंडीला घरात शिरणाऱ्या माशा आहेत, आमच्याकडे पण लॉफ्टमध्ये अशाच असतात, हिवाळाभर झोपून राहतात आणि जरा ऊन पडलं की खिडकीत येतात, तू माळ्याच्या सगळ्या फटी त्या फुगून फट भरणाऱ्या डब्यातल्या फोमने बंद करून टाक.

मावसभाऊ चुकीचं बोलत नव्हता. त्याच्या घरापुरतं ते शंभर टक्के खरं. तिथे क्लस्टर फ्लाय नावाची माशी असते, पोलेनिया तिचा वंश. या माशीचं बालपण आपल्या डोक्यात येणार नाही अशा ठिकाणी जातं, म्हणजे गांडुळाच्या अंगात. मादी मातीच्या भेगांत अंडी घालते, अळी गांडूळ शोधून त्याच्यात शिरते आणि त्याच्यावर पोसते. त्यामुळे घर कितीही चकाचक ठेवा, या माशीला त्याचं काही नाही, ती बाहेरच्या हिरवळीतून येते. उन्हाळा संपत आला की तिथल्या घरांच्या ऊन लागणाऱ्या भिंतींवर जमतात, छपराच्या, खिडकीच्या चौकटीच्या फटींतून आत शिरतात आणि लॉफ्टमध्ये घोळक्याने पडून राहतात. घरात अंडी घालत नाहीत, अन्नावर बसायचीही त्यांना हौस नसते. हिवाळ्यात एखादा दिवस उबदार निघाला किंवा हीटर जोरात लावला की त्यांना वाटतं वसंत आला, मग बाहेर पडायला उजेडाकडे जातात आणि काचेवर आपटत बसतात.

पण मावशी म्हार्दोळला राहते! आमच्या इथे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा 20 च्या आसपास, दुपारी पंखा लावतो आपण. एवढ्यासाठी कोण माशी झोपायला जाईल. घरमाशी आपल्याकडे बाराही महिने अंडी घालते, उबदार हवेत आठ-दहा दिवसांत अंड्याची माशी होते, तिला थंडी काढायची गरजच नाही. म्हणजे खिडकीतली गर्दी, माळ्याखालची खोली, डिसेंबर महिना, एवढं सगळं जुळत होतं आणि तरी गोष्ट वेगळी होती. मला यात सगळ्यात धोक्याचा वाटला तो फोमचा सल्ला. का ते पुढे येईल.

तर पहिलं काम माशी कोणती ते बघणं. हे कुणीच केलं नव्हतं, तिघांनीही. सकाळी नऊला काचेवर मोजल्या तर 43. काचेचा ग्लास उपडा ठेवायचा आणि खालून पोस्टकार्ड सरकवायचं, अशा एकेक करून बरणीत भरल्या आणि बरणी दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली. मावशीने "फ्रिजात? माझ्या दह्याशेजारी?" म्हणून जो चेहरा केला तो मी विसरणार नाही. पण थंडीने माशी मरत नाही, फक्त सुस्तावते, आणि मग पांढऱ्या ताटलीत काढून भिंगातून आरामात बघता येते. भिंग नसेल तर मोबाइलचा मॅक्रो फोटो पुष्कळ झाला.

घरमाशी असती तर राखाडी, सहा-सात मिलिमीटर, पाठीवर चार काळे पट्टे. पोलेनिया असती तर तिच्यापेक्षा जरा मोठी, मळकट राखाडी, पाठीवर कुरळे सोनेरी केस, चमक बिलकुल नाही, आणि बसली की पंख कात्रीसारखे एकावर एक. गटारातली असती तर दोन-चार मिलिमीटरची केसाळ, छोट्या पतंगासारखी. ताटलीत यातलं काही नव्हतं. 43 पैकी 41 माशा जाड, धातूसारख्या निळ्या-हिरव्या चकाकणाऱ्या आणि डोळे एवढे मोठे आणि विटकरी लाल की डोकं म्हणजे नुस्ते डोळेच. उरलेल्या दोन घरमाश्या. ही मोठ्या डोळ्यांची निळी-हिरवी म्हणजे क्रायसोमाया मेगासेफाला. मासळी बाजारात, वाळत घातलेल्या खाऱ्या मासळीवर, उघड्यावरच्या घाणीवर आणि मेलेल्या जनावरावर हमखास दिसते ती. गंमत म्हणजे स्विंडनच्या लॉफ्टमधल्या पोलेनिया रुडिसला आणि म्हार्दोळच्या खिडकीतल्या हिला एकाच माणसाने एकाच वर्षी नाव दिलंय, फाब्रिसियस नावाचा डेन्मार्कचा कीटकशास्त्रज्ञ, 1794. आणि सव्वादोनशे वर्षांनी मावशीच्या व्हिडिओ कॉलवर दोघींची अशी गाठ पडली.

गोठेवाला इथेच सुटला. शेणाच्या खड्ड्यातून यायच्या त्या मुख्यतः घरमाश्या आणि त्या यायच्या तर स्वयंपाकघरात, ताटावर, दुधावर. मधल्या खोलीत, जिथे खायला काही नाही, तिथे का येतील. मावशीला हे सांगितलं तर म्हणाली, "तू त्यांचीच बाजू घे." अर्जाचा कागद काही तिने परत ठेवला नाही.

मग अजून एक गोष्ट दिसली आणि तिथे केस फिरली असं मी म्हणेन. खिडकीखाली जमिनीवर चार-पाच माशा चालत होत्या. उडत नव्हत्या, नुस्त्या चालत होत्या, रंगाने फिक्कट राखाडी, आणि पंख असे चुरगळलेले जसा खिशात राहून धुतला गेलेला कागद. मावशी म्हणाली बघ स्प्रेने अर्धमेल्या झाल्यात. स्प्रे तिने आदल्या रात्री मारला होता खरा, आणि तिला दमा आहे, त्या स्प्रेने माशांपेक्षा तिचेच हाल जास्त झाले. पण त्या अर्धमेल्या नव्हत्या, नुकत्याच जन्मलेल्या होत्या. माशी कोषातून बाहेर येते तेव्हा पंख घडी घातलेले असतात, ती उजेडाकडे चालत जाते, थोड्या वेळात पंखांत द्रव भरून ते पसरतात आणि चकाकी त्यानंतर चढते. बाहेरून उडत आलेल्या माशीचे पंख असे असूच शकत नाहीत. म्हणजे या माशा घरातच, त्याच खोलीत, सकाळीच बाहेर पडलेल्या होत्या. दारं-खिडक्यांना जाळी लावून, फटी बुजवून काहीही झालं नसतं कारण त्या आत यायच्याच नव्हत्या, त्या आतच होत्या.

मी विचारलं, "मावशी, आठ-दहा दिवसांमागे घरात कुठे अळ्या दिसल्या?" नाही म्हणाली. कामवाली बाई मात्र म्हणाली, "अळ्या नाही, पण तांदळाला किडे झाले होते ना." आणि मग ती सगळी कथा बाहेर आली. साधारण आठवड्यापूर्वी मधल्या खोलीत जमिनीवर पांढरे किडे सरपटताना दिसले होते, दहा-पंधरा असतील. त्याच खोलीत उकड्या तांदळाचं पोतं. दोघींनी ठरवलं की तांदळाला कीड लागली, वीस किलो तांदूळ अंगणात दोन दिवस उन्हात घातले, कावळे हाकलले, चाळले, कडुलिंबाचा पाला घालून परत भरले. तांदळात एक किडा सापडला नाही याचं नवल दोघींनाही वाटलं होतं, पण उन्हाने पळाले असतील म्हणून विषय संपला.

त्या अळ्या तांदळाच्या नव्हत्याच. या माशीच्या अळ्या पोटभर खाऊन झालं की खाण्यापासून लांब जातात, कोरडी अंधारी जागा बघून कोष करायला. माळ्याच्या फळ्यांमधून खाली पडलेल्या होत्या त्या. मी पोतं सरकवलं, मागची लोखंडी ट्रंक सरकवली, आणि भिंतीच्या कडेला घबाड सापडलं. गडद तपकिरी, पिंपासारखे गोल कोष, भाताच्या दाण्याहून थोडे जाड, ओळीने चिकटलेले, साठ-सत्तर तरी असतील. बरेचसे रिकामे, एका टोकाची टोपी उडालेली. ती टोपी उडवायची पद्धत मुलांना शिकवताना मला नेहमी मजा येते, माशीच्या कपाळातून एक पिशवी फुग्यासारखी बाहेर येते, तिने ढकलून ती झाकण उघडते आणि मग पिशवी कायमची आत जाते. काही कोष अजून बंद होते, म्हणजे उद्याच्या परवाच्या माशा इथे आजच तयार. सगळे सुपलीत भरून गरम पाण्यात टाकले.

आता उलटा हिशोब. आपल्या हवेत या माशीचं अंडं ते माशी साधारण दहा-बारा दिवसांत होतं. आज माशा, आठवड्यापूर्वी अळ्या, म्हणजे अंडी घातली ती नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबर लागता लागता. एक मादी एका वेळी दोन-तीनशे अंडी घालते आणि मेलेल्या जनावराजवळ ती फार लवकर पोचते, कौलांच्या फटीतून शिरायला तिला काय. म्हणून मी सरळ विचारलं, नोव्हेंबरच्या शेवटी माळ्यावर काय केलंत?

मावशी गप्प. मग म्हणाली, "रॅट केक ठेवला होता. नारळ कुरतडत होते."

दुकानात मिळतो तो निळसर केक, उंदीर खातो आणि चार-सहा दिवसांनी मरतो. यातलं औषध रक्त गोठू देत नाही, त्याला वेळ लागतो. आणि पाकिटासोबत एक समज फुकट मिळतो, की उंदराला तहान लागते आणि तो पाणी शोधत बाहेर जाऊन मरतो. असं काही नसतं. आजारी उंदीर जातो तो आपल्या बिळात, वाशांच्या बेचक्यात, नारळांच्या मागे, जिथे त्याला सुरक्षित वाटतं तिथे. वास आला नव्हता का? आला होता, दोन-तीन दिवस, मावशीला वाटलं पावसाळ्यासाठी भरलेल्या पुरुमेंतातली उरलेली खारी मासळी खराब झाली, म्हणून तिने बरणीभर खारे बांगडे टाकून दिले. म्हणजे त्या एका उंदरापायी तांदूळ वाळवले, बांगडे फेकले आणि शेजाऱ्यावर अर्ज लिहायला घेतला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, इथे तर तीन संन्यासी झाले.

माळ्यावर चढायला मी नको म्हणाले, शिडी जुनी होती. दोन दिवसांनी पाडेली नारळ पाडायला येणारच होता, तो चढला. त्याला हातमोजे, मास्क, टॉर्च आणि दोन जाड पिशव्या दिल्या. पाच मिनिटांत वरून आवाज, "बाय, मेळ्ळो!" म्हणजे सापडला. नारळांच्या ढिगामागे, माटोळीच्या चौकटीला टेकून. नुस्तं कातडं आणि हाडं राहिली होती, खाली फळीवर काळा डाग. पिशवीत पिशवी घालून खाली आणला आणि भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, खोल खड्डा करून पुरला. उकिरड्यावर टाकू दिला नाही मी, कारण मावशीचं मांजर आहे आणि विष खाऊन मेलेला उंदीर मांजराने, कुत्र्याने किंवा घुबडाने खाल्ला तर ते विष त्यांच्यातही जातं. मांजराने खाल्लंच तर वाट न बघता डॉक्टरकडे न्यायचं, त्यावर व्हिटॅमिन के चालतं. लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत हेही पाडेल्याला सांगून ठेवलं होतं, आधी फिनाइलचं पाणी शिंपडायचं मग फडक्याने पुसायचं. उंदराच्या मुताने लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस होतो आणि गोव्यात पावसाळ्यात त्याची भीती सगळ्यांना माहीत आहे, पण माळा साफ करताना ती कुणाला आठवत नाही.

पुढच्या चार दिवसांत मोजणी 43 वरून 19, मग 6, मग 2. मावशीने मला पेढे देऊ केले. मी घेतले सुद्धा, आणि ते जरा घाईने झालं.

नाताळच्या नंतर दोन-तीन दिवसांनी परत फोन. परत तीस-एक माशा. मला वाटलं माझं चुकलं, दुसरं काहीतरी आहे. मी मावशीला एक वही घालून दिली होती, रोज सकाळी नऊला किती, स्प्रे मारला का, एवढंच लिहायचं. ती वही घेऊन बसले तेव्हा कळलं. माशा पाडेली चढायच्या आदल्या दिवसापासूनच उतरायला लागल्या होत्या, म्हणजे पेढे ज्याचे खाल्ले ते काम माझं नव्हतंच, एका उंदरावरचं अन्न संपलं, कोष संपले, माशा आपोआप संपल्या. आम्ही उंदीर काढला नसता तरी संपल्या असत्या. आणि त्याआधी मावशी स्प्रेचे गुण गात होती तेव्हाही तेच झालं होतं. ही अशी फसगत माशांच्या बाबतीत फार होते, कारण यांची लाट येते आणि लाट जातेच, जो उपाय ओसरताना केला त्याच्या नावावर यश जमा होतं.

मग दुसरी लाट कशाची? दुसऱ्या उंदराची. रॅट केक माळ्यावर तसाच होता ना! पहिल्या वेळी पाडेल्याने मेलेला उंदीर काढला पण केक कुणीच काढला नाही, मी सांगायला विसरले आणि मावशीला वाटलं चांगलं औषध आहे, राहू दे. या वेळी वास आला तो वेगळ्या कोपऱ्यातून, स्वयंपाकघराच्या भिंतीच्या माथ्यावर, जिथे वासा भिंतीत शिरतो. तिथे हात जाईना. पाडेल्याने कोयत्याच्या टोकाने चाचपून बघितलं, कौलं काढल्याशिवाय जमणार नाही म्हणाला, आणि कौलं काढली की चार फुटणारच. सोडून दिलं. वास आठवडाभराने गेला, माशा जानेवारीच्या मध्यापर्यंत होत्या, मग त्याही गेल्या. तो उंदीर अजून तिथेच आहे, म्हणजे त्याचं जे काय उरलं असेल ते.

आता तो फोम. समजा मावशीने मुलाचं ऐकून माळा फोमने बंद केला असता, तर आत मेलेले उंदीर, वारा बंद, ओल टिकली असती, वास महिनाभर, आणि अळ्यांना बाहेर पडायला एकच वाट, फळ्यांच्या फटीतून खाली मधल्या खोलीत. आपल्या कौलारू घराचा माळा श्वास घेतो म्हणून पहिला उंदीर एवढ्या लवकर वाळला.

केक काढून टाकला आणि त्याऐवजी पिंजरा लावला, आमिषाला भाजलेलं खोबरं. पिंजऱ्यात सापडलेला दिसतो तरी. पहिल्या आठवड्यात तीन. छपराला टेकलेली आंब्याची फांदी कापली, घरातले काळे उंदीर झाडांवरून चढण्यात पटाईत, माडावर सुद्धा जातात. वळचणीच्या मोठ्या भोकांना बारीक लोखंडी जाळी ठोकली. आणि मुख्य म्हणजे माळ्यावरचे नारळ खाली आणले, कारण ते तिथे असेपर्यंत पिंजरा म्हणजे नुस्तं येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद ठेवणं.

स्विंडनचं पण बघायला हवं होतं. मावसभावाने फोटो पाठवले, खांद्यांवर सोनेरी केस स्पष्ट दिसत होते, पंख एकावर एक, म्हणजे त्याच्याकडच्या खऱ्याच पोलेनिया. त्याला म्हटलं आता हिवाळ्यात लॉफ्टमध्ये स्प्रे मारू नको, आत शिरायचं त्या शिरून बसल्यात, आणि तिथे मेल्या की त्या मेलेल्या माशांवर दुसरे किडे येतात जे मग लोकरीचे कपडे आणि गालिचे खातात. व्हॅक्यूमने ओढ, पिशवी बाहेर टाक, फटी बुजवायच्या त्या ऑगस्ट संपायच्या आत. भाड्याचं घर आहे, मालक करेल का बघतो म्हणाला. फोमचा डबा त्याने आईसाठी ऑनलाइन मागवला होता तो म्हार्दोळला पोचून पडलाय, पॅक न उघडता.

मावशी शेजाऱ्याला सॉरी वगैरे म्हणणाऱ्यातली नाही. अर्जाचा कागद तिने वाणसामानाची यादी करायला वापरला. पण माळ्यावरून उतरवलेले नारळ, शंभराच्या वर होते, एवढ्याचं एकटीने काय करायचं म्हणून तिने त्यातले पंचवीस कामवाल्या बाईच्या हाती गोठ्यावर पाठवले. संध्याकाळी तिकडून खरवस आला, वर जाळी झाकलेला.